सभासदाची मोहरी

शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस उरकून घरी आलेल्या त्र्यंबकराव देशिंगकरांनी जेवून हात धुता धुता बायकोला सांगितलं, "आज भांडारात जाऊन येतो म्हणतो. गर्दी नसेल."

"आज अमावस्या आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "त्यात शनिवार."

"म्हणूनच तर. मूर्ख लोक आज खरेदी करत नाहीत."

झालं, एवढंच बोलणं. पण ह्या बोलण्यापायी राजारामपुरीतली एक अख्खी गल्ली दुसऱ्या दिवशी हादरली आणि सरोजिनीबाईंच्या हातातोंडाशी आलेल्या दोन खोल्या जायची वेळ आली. त्र्यंबकरावांची वाक्यं नेहमी साधीच असत. नुकसान मागाहून यायचं.

त्र्यंबकराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, पण ते आपलं पोटापुरतं. त्यांचं खरं कार्य म्हणजे शहाणपणानं खरेदी करणं. जगात दोन जातींची माणसं असतात, असं ते म्हणत. एक सुटं घेणारी, दुसरी ठोक घेणारी. सुटं घेणारी दुकानदाराची पोरंबाळं पोसतात, ठोक घेणारी स्वतःची. (त्र्यंबकरावांना मूलबाळ नव्हतं, पण त्यानं सिद्धान्ताला बाध येत नाही.) गल्लीच्या कोपऱ्यावर आकारामचं किराणा दुकान होतं. त्यावरून जाताना ते मुद्दाम थांबत, साबणाच्या वडीचा भाव विचारत, 'लूट आहे लूट' असं म्हणत आणि काहीही न घेता पुढे जात. गडमुडशिंगीहून येऊन इथं दुकान थाटलेला आकाराम हा शांत माणूस होता. तो सगळ्या गल्लीला नावानं ओळखायचा. त्र्यंबकरावांना मात्र इतक्या वर्षांनंतरही 'पावणं' म्हणायचा.

मग शाहूपुरीतल्या एका जुन्या गुळाच्या वखारीत ते भांडार निघालं. दारावर पाटी होती : 'सभासद नसलेल्यांना आत प्रवेश नाही.' दहा रुपये भरून त्र्यंबकराव सभासद झाले आणि त्यांना एक गुलाबी कार्ड मिळालं. दर वेळी आत जाण्याआधी ते ती पाटी बाहेर उभे राहून एकदा वाचत आणि मगच आत शिरत. आत पोत्याच्या किंवा पेटीच्या खाली काही विकत नसत. हमाल नव्हते, तोलणारा नव्हता, पुडी बांधणारा नव्हता. माल सभासदानं निवडायचा, सभासदानं उचलायचा, सभासदानं न्यायचा. थोडक्यात, दुकानदारानं करायची सगळी कामं सभासदानं करायची आणि त्याबद्दल दुकानदाराला दहा रुपये द्यायचे. ह्याला बचत म्हणत.

ह्या बचतीतून घरात एक पेटी भरून काडेपेट्या आल्या होत्या, त्या पहिल्याच पावसाळ्यात सादळल्या. त्यानंतर पेटीभर बूटपॉलिश आलं. त्र्यंबकराव बारा महिने वहाणा घालत.

सरोजिनीबाई हे सगळं सोसत होत्या, कारण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. घर गंगव्वाचं. गंगव्वा म्हणजे संकेश्वराकडची, कपाळाला भस्म, तोंडात तंबाखू आणि शब्दाला धार असलेली म्हातारी. रस्त्याला लागून तिची स्वतःची खोली होती, तिला लागून पुढच्या दोन खोल्या. शेजारच्या बोळातून मागं गेलं की परसात भाडेकऱ्यांच्या खोल्या लागत, एक त्र्यंबकरावांची, एक हंबीररावाची. परसात सगळ्यांत मिळून एक नळ. त्याला पहाटे पाणी यायचं, आणि आलं की हंबीररावाची बायको घागरी, बादल्या, पातेली, तांबे आणि शेवटी चहाचं भांडंसुद्धा भरून घेतल्याशिवाय बाजूला व्हायची नाही. पुढच्या दोन खोल्यांत मात्र नळ आत होता. मोरीत, चावी फिरवली की पाणी. तिथला भाडेकरू बदली होऊन गेला होता आणि खोल्या मोकळ्या पडल्या होत्या.

त्या नळासाठी सरोजिनीबाईंनी काय केलं नाही? गंगव्वाचे पाय दुखले की तेल चोळून दिलं. तिचे पापड लाटले. गंगव्वाला आपल्या दारातल्या रांगोळीचा फार अभिमान होता. ती रांगोळीत थोडी नीळ मिसळायची, त्यामुळे साऱ्या गल्लीत निळसर रांगोळी तिच्या एकटीच्या दारात असायची. ती रांगोळी चाळून द्यायचं कामही सरोजिनीबाईंनी अंगावर घेतलं होतं. हंबीरराव एस.टी.त कंडक्टर होता, कागलच्या गाडीवर. त्याचाही त्या खोल्यांवर डोळा होता. गंगव्वा दोघांनाही 'बघू की' म्हणायची आणि पिंक टाकायची.

अशा नाजूक वेळी त्र्यंबकराव महिन्याच्या किराण्याचे सगळे पैसे खिशात घालून भांडारात गेले.

भांडारात खरंच गर्दी नव्हती. त्र्यंबकराव आणि व्यवस्थापक, बस. समोर साखरेची पोती होती. खरं तर साखरच आणायची होती. एक पोतं आणायचं आणि मग शेजारच्या चार घरांना विचारून वाटून घ्यायचं, असं घरात ठरलं होतं. पण त्र्यंबकरावांनी डोकं चालवलं, आणि ते चाललं की त्याला आवरणारं कोणी जवळ नसे. साखरेच्या पोत्यावर बाजारापेक्षा चिमूटभर सुटत होतं. पलीकडे मोहरीचं पोतं होतं, ते बाजारापेक्षा निम्म्या भावात. म्हणजे साखर घेतली तर बचत थोडी आणि मोहरी घेतली तर बचत घसघशीत. मग जो माणूस डोळ्यांदेखत साखर घेईल, तो आपल्या हातानं आपलंच नुकसान करून घेणार नाही का?

"अख्खं पोतं?" व्यवस्थापकानंच विचारलं. माल खपवणाऱ्यालाही क्षणभर दया आली असावी.

"सभासद आहे मी," त्र्यंबकराव म्हणाले आणि कार्ड दाखवलं.

आता पोतं उचलायचं होतं. भिंतीला हमालाचा एक आकडा लटकत होता. हमाल आकडा पोत्याच्या शिवलेल्या कानाला अडकवतात, हे लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारातल्या कुठल्याही माणसानं सांगितलं असतं. त्र्यंबकरावांनी तो पोत्याच्या पोटाला घातला. पोतं उचललं गेलं, सायकलच्या कॅरियरवर सुतळीनं बांधलंही गेलं. हातगाडीला पैसे मोजणं हे अर्थातच सुटं घेणाऱ्यांचं लक्षण. त्र्यंबकराव हँडल धरून चालत निघाले आणि पोटाला पडलेल्या भोकातून मोहरी निघाली.

मोहरीसारखी गुणी वस्तू नाही. पडते पण आवाज करत नाही. शाहूपुरीच्या रस्त्यावर ती गाड्यांखाली गेली, वाऱ्यानं उडाली, कुणाला दिसली नाही. राजारामपुरीत शिरेपर्यंत तिन्हीसांज झाली. गल्लीत पाण्याच्या पायपासाठी मधोमध चर खणला होता, त्यामुळे सायकल घरांच्या दारांना घासून न्यावी लागत होती. त्यातच लाईट गेली. शनिवारची अवस म्हणून बायकांनी आधीच दारं लावून घेतली होती. त्र्यंबकरावांना हे बरंच वाटलं, कारण आकारामच्या दुकानासमोरून पोतं नेताना त्याच्या नजरेला पडायचं नव्हतं. दम लागला की ते एखाद्या घराच्या कट्ट्याला सायकल टेकवत आणि उभे राहत. दम त्यांना जवळजवळ प्रत्येक घरापाशी लागला. जिथं ते थांबले, तिथं उंबऱ्यासमोर मोहरीची एक सुबक ढिगली तयार झाली. पोतं हलकं लागायला लागलं, हेही त्यांच्या लक्षात आलं. सवय झाली की वजन जाणवत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि स्वतःच्या ताकदीवर खूश झाले.

सगळ्यात जास्त वेळ ते थांबले गंगव्वाच्या दारात, त्या मोकळ्या खोल्यांसमोर. अंधारात खिडकीच्या गजांतून आत डोकावले. शेजारी गंगव्वाच्या खोलीची खिडकी नेहमीप्रमाणे अर्धी उघडी होती, तिकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते स्वतःशीच काही तरी पुटपुटत राहिले, मग बोळातून सायकल मागं घेतली आणि पोतं ओढत खोलीत नेऊन खाटेखाली सारलं.

"साखर आणली?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"मोहरी."

कंदिलाच्या उजेडात सरोजिनीबाई खाली वाकल्या, पोतं पाहिलं आणि पुन्हा उभ्या राहिल्या. "पोतंभर मोहरी?"

"निम्म्या भावात."

"आपल्याला महिन्याला मोहरी किती लागते, माहीत आहे?"

"किती?"

"अर्धी वाटी. तुमच्या तेराव्याला फोडणी ह्याच पोत्यातली असेल, आणि माझ्याही. पाहुणे घरी जाताना पुडी बांधून नेतील तरी पोतं संपणार नाही." मग त्यांनी रिकामा साखरेचा डबा पुढे केला. "आणि साखर? उद्या चहात काय घालू? हीच?"

"तुला बचतीतलं कळत नाही," त्र्यंबकराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी गल्लीत गलका झाला तेव्हा त्र्यंबकराव बिनसाखरेचा चहा पीत होते. बाहेर येऊन पाहतात तो अर्धी गल्ली गंगव्वाच्या दारात. प्रत्येक घरापुढे मोहरीची काळी ढिगली, आणि ढिगलीपासून ढिगलीपर्यंत मोहरीचीच बारीक रेघ. ती कुणी ओलांडेना, कुणी तिला झाडू लावेना. शनिवारच्या अवसेला दारोदार मोहरी टाकलेली, म्हणजे ती करणी, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या म्हशीनं आदल्या दिवशीच दूध आटवलं होतं. कुणाच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं होतं. सगळ्यांना आता कारण सापडलं. गंगव्वाच्या दारात तर चांगला पसाभर ढीग होता, निळसर रांगोळीच्या बरोबर मधे. गंगव्वा कमरेवर हात ठेवून तो नुसता बघत होती.

"ही रेघ बघा की," हंबीरराव खाकी कपड्यातच आला होता, तिकिटं तपासायच्या सवयीनं तो रेघ तपासत निघाला. "कोपऱ्यापास्नं आल्या. दारादारात थांबल्या. अव्वाच्या दारात ढीग घातलाय. आन् हितनं, ह्या बोळातनं, आत गेल्या."

सगळी माणसं रेघेमागून बोळात शिरली. रेघ परसात आली, नळाला वळसा घालून पुढं गेली आणि त्र्यंबकरावांच्या उंबऱ्याशी संपली. दार लोटलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर ती खाटेखालीही दिसली असती.

सरोजिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रात्री पोत्याला पडलेलं भोक त्यांनी पाहिलं होतं, ते आता नीट जुळलं. "सांगून टाका," त्या हळूच म्हणाल्या. "पोत्याला भोक होतं म्हणून सांगा, हसतील आणि जातील."

हसतील, हेच तर त्र्यंबकरावांना नको होतं. गर्दीत पुढेच आकाराम उभा होता. ज्या माणसाला वर्षानुवर्षं 'लूट आहे' म्हणून सांगितलं, त्याच्यासमोर आपण मोहरीचं गळकं पोतं वाहत होतो हे सांगायचं? त्यापेक्षा त्यांनी वेळेवर सुचेल ते केलं, आणि वेळेवर त्यांना काय सुचतं ते आपण भांडारात पाहिलंच आहे.

"रेघ माझ्या दाराशी संपते," ते घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे हे सगळं माझ्यावरच केलेलं आहे. माझी खात्यात बढती व्हायची आहे. लोक जळतात."

माणसं झटकन दोन पावलं मागं सरली. हंबीररावाच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान पसरलं की जणू त्याच्या गाडीला सीटा फुल्ल झाल्या.

"मग अव्वा," तो गंगव्वाकडे वळून म्हणाला, "बाधा झालेल्या मानसाला पुढल्या खोल्या देनं काय खरं न्हाय. उद्या तुमच्या नळाचं पाणी आटलं म्हंजे?"

गंगव्वानं तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारला. "व्हय," ती म्हणाली, "खरं हाय तुझं."

सरोजिनीबाईंचा चेहरा उतरला. तेल चोळलं, पापड लाटले, रांगोळी चाळली, ते सगळं एका माणसाच्या एका वाक्यानं मोरीत गेलं. त्यांना रडू आलं असतं, पण राग जास्त आला म्हणून रडू मागं राहिलं.

"पर उपाय हाय," गंगव्वा पुढे म्हणाली. "सव्वा किलो मोहरी ओवाळून टाकायची. पर मोहरी आपल्या गल्लीतल्याच दुकानातली पायजे. रोख पैशानं घेतलेली. घरातली असंल तर चालत न्हाय, तिरंबकराव. घरातल्या मोहरीचा गुण येत न्हाय."

शेवटचं वाक्य बोलताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना ते पाहणं आवडलं नाही, पण का आवडलं नाही हे कळलं नाही.

"आन् ह्या सांडलेल्या मोहरीचं काय करायचं?" कुणीतरी विचारलं. "हात कोन लावनार?"

"मी लावतो," आकाराम म्हणाला. त्यानं वाकून एक दाणा उचलला, दाताखाली धरला आणि चावून पाहिला. बायकांनी डोळे मिटून घेतले. "दाना चांगला हाय," तो म्हणाला. मग दुकानातून पत्र्याचा डबा आणि झाडणी घेऊन आला, दारोदारची मोहरी भरली आणि तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर टाकून येतो म्हणून निघून गेला. एवढा धीट माणूस आपल्या गल्लीत आहे, ह्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं.

त्या दिवशी आकारामच्या दुकानात रांग लागली. ज्याच्या दारात मोहरी पडली होती, त्या प्रत्येकाला आता मीठमोहरी ओवाळून टाकायची होती. दुपारपर्यंत मोहरीचा भाव दीडपट झाला, तिसऱ्या प्रहरी दुप्पट. खाटेखाली पोतंभर मोहरी असलेले त्र्यंबकराव पिशवी घेऊन त्या रांगेत उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते आकारामच्या दुकानापुढे काही न बोलता उभे होते. महिन्याच्या किराण्याचे पैसे तर संपले होते, म्हणून सरोजिनीबाईंनी देवघरातल्या डब्यातली नाणी मोजून दिली होती.

"सव्वा किलो," ते म्हणाले.

"संपत आल्या मोहरी," आकाराम आत गेला आणि एक वेगळी पिशवी घेऊन आला. "ही शेवटली. खास तुमच्यासाठी ठेवल्या, पावणं. माल तुमच्याच पसंतीचा हाय."

"भाव जरा जास्त नाही वाटत?"

"ठोकात घेतली असती तर सवस्त पडली असती," आकाराम गंभीरपणे म्हणाला.

घरी आल्यावर सरोजिनीबाईंनी मोहरी सुपात घेतली. ओवाळून टाकायची असली तरी निवडल्याशिवाय कुठलंही धान्य पुढे सरकवायचं नाही, ही त्यांची सवय. सूप हलवता हलवता त्यांचा हात थांबला. काळ्या दाण्यांत पांढरे कण होते. एक चिमटीत घेऊन त्यांनी उजेडाला धरला. पांढरा नव्हता, निळसर होता. ती रांगोळी त्यांनी स्वतःच्या हातानं चाळली होती, आणि ती जगात एकाच दारात पडत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही काय विकत आणलंत."

त्र्यंबकरावांनी पाहिलं. कळायला त्यांना वेळ लागला, कारण त्यांना वाटत होतं की त्यांच्या बाबतीत असं होऊ शकत नाही. आकारामनं मोहरी तिकटीवर टाकलीच नव्हती. निम्म्या भावानं घेतलेली त्यांची मोहरी त्यांनीच वाटेत सांडली होती आणि दुप्पट भावानं परत घेतली होती. आणि उचलून आणायचं, झाडायचं, पुडी बांधायचं काम दुकानदारानं केलं होतं. त्र्यंबकरावांच्या शास्त्रात ह्या प्रकाराला नावच नव्हतं.

"म्हणजे आकारामला माहीत आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आकारामला माहीत आहे म्हणजे उद्या गल्लीला माहीत होणार. मग गंगव्वाला ते हंबीररावांच्या तोंडून कळण्यापेक्षा मी सांगते."

"थांब, मी योग्य वेळी—"

सरोजिनीबाई थांबल्या नाहीत. सूप तसंच हातात घेऊन त्या बोळातून पुढे गेल्या. त्र्यंबकराव अनवाणीच मागून धावले.

गंगव्वा खिडकीतच बसली होती. सरोजिनीबाईंनी तिच्यापुढे सूप ठेवलं. "अव्वा, करणीबिरणी काही नाही. मोहरी आमची आहे. हे काल भांडारातून पोतं आणत होते, पोत्याला भोक होतं. सकाळीच सांगायला हवं होतं, ह्यांना लाज वाटली. आता खोल्या द्या नाहीतर देऊ नका, पण खोटं बोलून मला त्या नकोत."

गंगव्वानं सुपातली मोहरी बोटानं चाळवली, रांगोळीचे कण पाहिले आणि तोंडातला तंबाखू बाजूला केला.

"मला कालच ठावं हाय," ती म्हणाली. "मी हितंच बसलतो की खिडकीत. लाईट गेलती. हे आले, सायकल टेकली, आन् माझ्या खोल्यांत वाकून बघाय लागले. एकटेच बोलत हुते. सांगू का काय बोलत हुते?"

"नको," त्र्यंबकराव म्हणाले.

"सांगा अव्वा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"म्हनत हुते, हितं साखरंची पोती. हितं त्येलाचे डबे. आन् मोरीतला नळ बंद करून वर फळी टाकली की साबनाच्या पेट्या मावतील."

सरोजिनीबाई हळूहळू नवऱ्याकडे वळल्या. अवसेची मोहरी, गेलेले पैसे, बिनसाखरेचा चहा, हे सगळं त्यांनी गिळलं असतं. पण नळावर फळी? ज्या नळासाठी त्यांनी इतकं केलं, त्या नळावर साबणाच्या पेट्या?

"सकाळी म्हनलं, बघावं हा मानूस खरं बोलतोय का," गंगव्वा पुढं म्हणाली. "तर बढती काढली. मग म्हनलं, जाऊ दे आकारामाच्या दुकानात. कधी न्हाय ते चार पैशाची सुटी खरेदी तरी करील." सरोजिनीबाईंशी बोलताना तिचा आवाज जरा मऊ झाला. "खोल्या तुला द्यायच्या हे मी संक्रांतीलाच ठरिवलं हुतं. पावती तुझ्या नावानं फाडनार. ह्यांच्या न्हाय. आन् आत एक जरी पोतं आलं, तर पोतं बी भाईर आन् मानूस बी भाईर."

"कबूल," सरोजिनीबाई म्हणाल्या.

त्र्यंबकरावांना कुणी विचारलं नव्हतं.

पोतं घालवायचं तर कुठं? सोमवारी ऑफिसला जाण्याआधी त्र्यंबकराव भांडारात जाऊन आले. तिथं पाटी होती : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ही पाटी आजवर त्यांनी वाचली नव्हती, कारण ती आतल्या बाजूला होती. पर्याय एकच उरला. संध्याकाळी आकाराम स्वतः हातगाडी घेऊन आला, पोतं पाहिलं, भोकावर बोट ठेवलं आणि एक भाव सांगितला. तो इतका कमी होता की त्र्यंबकरावांनी त्याला लूट म्हणण्यासाठी तोंड उघडलं. पण मागं सरोजिनीबाई उभ्या होत्या, म्हणून ते मिटलं. हंबीररावानं पोतं हातगाडीवर चढवायला मदत केली. त्याला खोल्या मिळाल्या नव्हत्या, पण पोत्याची गोष्ट त्या दिवसापासून कागलच्या गाडीत रोज सांगायला मिळाली. सीटापेक्षा प्रवासी जास्त असले तरी तो ती पूर्ण सांगायचा.

दुसऱ्याच दिवशी देशिंगकर पुढच्या खोल्यांत राहायला गेले. पहिल्या सकाळी सरोजिनीबाईंनी मोरीतली चावी फिरवली, पाणी आलं, आणि त्या काही वेळ नुसत्या उभ्या राहून ते बघत राहिल्या. बंद केली, पुन्हा उघडली. मग स्वयंपाकाला बसल्या, तेल तापत ठेवलं आणि मसाल्याच्या डब्याचं झाकण काढलं.

"अहो," त्यांनी हाक मारली, "फोडणीला मोहरी नाही."

पोत्यासोबत रागाच्या भरात त्यांनी डब्यातलीही मोहरी आकारामच्या हातगाडीवर ओतली होती. एक दाणासुद्धा घरात ठेवला नव्हता. त्र्यंबकराव शर्ट घालून कोपऱ्यावर गेले. दुकानाच्या तोंडाशीच त्यांचं पोतं उभं होतं, भोक लाल दोऱ्यानं टाका घालून नीटनेटकं शिवलेलं.

"बोला पावणं."

"मोहरी. दहा पैशांची."

आकारामनं कागदाचा चौकोनी तुकडा घेतला, पोत्यातून छोट्या मापानं मोहरी काढली, पुडी बांधली आणि दोऱ्याला गाठ मारली. "आमच्यात सभासद व्हायला लागत न्हाय," तो म्हणाला. "एका फोडणीपुरतं बी देतो."

त्र्यंबकरावांनी पैसे दिले. पुडी खिशात घातली. पण पाय निघेना. त्यांची नजर पोत्यावर होती. अजून निम्म्याच्या वर भरलेलं, स्वच्छ, टपोऱ्या दाण्यांचं.

"का हो," ते अखेर म्हणाले, "एकदम जास्त घेतली, तर काही सुटेल का?"

आकारामनं दोन्ही हातांनी पोतं उचललं आणि ते आत, गल्ल्याच्या मागं नेऊन ठेवलं.